भोरकी नदीची हद्द

मंडळी, ऐका! नदी देवानं केली, तिच्या मधोमध हद्द आखली माणसानं. आता सांगा — ती हद्द पाण्याला दिसते? नाही! डासाला? मुळीच नाही! मग दिसते तरी कोणाला?

अलीकडे आंबवलीची महापालिका, पलीकडे तारखेडची नगरपालिका, मधे भोरकी नदी. पुलाच्या पायथ्याशी द्वारकाबाई लोंढे राहायची. लेक शीतल पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती! बाईनं दुपटी शिवली, डिंक-अळीव आणले. पण दारापुढे नदीभर जलपर्णी — आणि डास असे, की माणसाला उचलून नेतील!

बाई आंबवलीच्या कचेरीत गेली. साहेब म्हणाले, "मावशी, अर्धीच नदी आमची. त्यात जलपर्णी नाही."

"अहो, ही काय खिडकीतून दिसतेय!"

"ती सकाळी आमची होती. दुपारी वारा सुटला — आता तारखेडची!"

तारखेडचे साहेब म्हणाले, "संध्याकाळी जाईल की परत. त्यांनाच सांगा!"

बाई हटली नाही. अर्जावर अर्ज! शेवटी समन्वय समिती बसली. समिती बसतेच, मंडळी — उठली तर काम करावं लागेल ना! मागे 'शाश्वत शहर'चा फलक, पुढे बटाटेवडे. ठराव झाला : दोघांनी एकाच दिवशी आपापली हद्द साफ करायची.

दिवस उजाडला. बाई नारळ घेऊन काठावर! दोन होड्या, लांब बांबू. आंबवलीवाले म्हणाले, "रेटा पलीकडे!" तारखेडवाले म्हणाले, "ढकला अलीकडे!" दुपारपर्यंत हेच! एक पान बाहेर काढलं नाही, हो! सगळी जलपर्णी मधोमध, पुलाखाली अडकली — आणि पूल कोणाचा? बांधकाम खात्याचा! दोन्ही साहेबांनी हात मिळवले, फोटो काढला. "आमची हद्द साफ!" वा रे सहकार्य!

बाईनं लेकीला फोन लावला. "नको येऊस गं, पोरी. सासरीच हो बाळंत." दुपटी एसटीनं पाठवली. पहिलटकरीण, आणि आई जवळ नाही! बाई एवढंच म्हणाली, "देवा, आता मात्र हद्द झाली!"

हसलात? हसा! आणि सकाळी अंगण झाडून केर कुठे लोटता, हो? शेजारणीच्या दारात! अधिकारी काय आभाळातून पडतात? तुमच्याच घरातनं जातात!

चला, आता नामाचा गजर करू. टाळी वाजवा सगळ्यांनी! देवासाठी वाजवताय की डासासाठी — ते ज्याचं त्यानं ठरवा!