पोटात गेलं तरी चालेल असं लिक्विड

आमच्या आईपुढे हात टेकले यार! चारकोपच्या घरात मी हौसेने ट्रेडमिल घेतली, माहितीये ना? तिच्यावर धूळ साचली, म्हणून पुसायला एक लिक्विड आणलं. आईने बाटली उघडून वास घेतला आणि थेट बाजूलाच ठेवली.

"ह्यात अ‍ॅसिड असणार. पट्टा फाटला म्हणजे?"

"मग कशाने पुसू?"

"पोटात गेलं तरी चालेल, तेच सेफ. तू ऑफिसला जा, मी बघते."

संध्याकाळी येतो तर काळा पट्टा गुलाबी!

"आई, काय लावलंस हे?"

"कालची सोलकढी उरली होती. कोकमाने तांब्याची भांडी लखलखतात ना? आणि नारळाच्या दुधाने रबर मऊ राहील."

मी कपाळावर हात मारला आणि जेवून झोपलो. सकाळी बघतो तर वाट लागलेली. पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मुंग्यांची रांग!

मी बोंबललो, "आई, ये इकडे! बघ काय झालंय!"

आई चहाचा कप घेऊन आली, रांग नीट बघितली आणि म्हणाली,

"ओरडतोस काय मेल्या? घेतल्यापासून आज पहिल्यांदा कोणीतरी चालतंय तिच्यावर."