संदेहाचा लाभ

नाही, आत नको. इथेच ओसरीवर बसा, प्रेमलावहिनी — आणि दार उघडंच राहू द्या. बंद दारामागं काय बोलणं झालं ते गल्लीतला प्रत्येक जण आपापल्या परीनं रचतो, उघड्या दाराशी निदान रचायला कमी वाव असतो. येताना कुणी पाहिलं? कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं? पाहिलंच असणार, त्याचं अर्धं लक्ष कपड्यांवर आणि अर्धं रस्त्यावर. पाणी घ्या. चहाचं विचारत नाही — ही देवळात गेलीय, आणि ती यायच्या आत तुमचं आटोपलेलं बरं. माझ्यापेक्षा तिची आठवण पक्की आहे. तर काय म्हणत होतात? तुमच्या जनार्दनाचा जामीन मंजूर झालाय, पण दोन जामीनदार पाहिजेत, एक तुमचे बबीन्याचे भाऊ, आणि दुसरा — दुसरा मी. बरोबर ऐकलं ना? अख्खी झाशी सोडून मी.

कुणी पाठवलं तुम्हाला? जनार्दनानं? नाही? मग ठाण्यात कुणी सुचवलं असेल — ‘वो केशवराव हैं ना, मकान अपने नाम है, उन्हीं को पकड़िए.’ असं झालं असेल तर सांगून टाका. कारण माझं नाव एकदा त्यांच्या कागदावर होतं, आणि ठाण्याच्या कागदावरची नावं कधी पुसली जात नाहीत, नुसती खाली दबतात. जामीनदार म्हणून गेलो की ठाण्यातला मुंशी विचारणार, आप वही केशवराव? तांब्याच्या तारेवाले? बघा, मान हलवू नका, मी ओळखतो त्या लोकांना. आणि समजा मी सही केली आणि जनार्दन तारखेला आलाच नाही तर? तर हे घर जाईल. येईल म्हणता? तो येईल असं तुम्ही म्हणता, वहिनी, आणि मी ऐकून घ्यायचं. बरं. ऐकलं.

मोटारसायकलींचं मला ठाऊक आहे. सगळ्या सीपरी बाजाराला ठाऊक आहे. भाडेकरू ठेवला, गोड बोलणारा, ‘चाचाजी, दोस्तों की गाड़ियाँ हैं, आँगन में रहने दीजिए’ असं म्हणाला — जनार्दनानं राहू दिल्या. गाड्या चोरीच्या निघाल्या, भाडेकरू पळाला, आणि अंगण ज्याचं तो आत गेला. पोलिसांना कुणीतरी लागतो ना, हाताशी असलेला. जनार्दन हाताशी होता. मागच्या वेळी मी होतो. मलाही असंच नेलं होतं — ‘भाईसाहब, ज़रा थाने तक चलिए, दो मिनट का काम है.’ मी घरातल्या चपलांवर गेलो, पायात बूटसुद्धा घातले नाहीत. दोन मिनिटंच ना! त्याच चपलांवर मी जेलात गेलो, वहिनी. आमच्या ऑफिसच्या गोदामातली तांब्याची तार गेली होती, आणि किल्ली माझ्या कमरेला असायची, म्हणजे चोर मीच. दुसरी किल्ली साहेबाकडं होती, पण साहेबाला कोण दोन मिनिटांसाठी बोलावणार?

मग त्यांनी जनार्दनाला उचललं. आम्ही एका टेबलाला बसायचो, एका डब्यात जेवायचो, म्हणून. दिवसभर बाकावर बसवून ठेवलं, मारलं नाही असं म्हणतात — मारलं नाही, नुसतं शेजारच्या खोलीत दुसऱ्याला मारलं आणि ह्याला ऐकू दिलं. संध्याकाळी ह्यानं बयान दिलं. रविवारी दुपारी केशवरावांना गोदामाच्या फाटकाशी ट्रकजवळ उभं पाहिलं. मी! रविवारी दुपारी! त्या रविवारी दुपारी मी कुठं होतो, वहिनी? सांगा ना. खाली नका बघू. तुमच्या गच्चीवर होतो. तुमचा कूलर बिघडला होता, मी आणि तो मिळून त्याचा पंखा काढत होतो, आणि तुम्ही दहीवडे आणून दिलेत, म्हणालात, भाऊजी, हात धुऊन खा, ग्रीस लागलंय. आठवतंय ना? मला तर त्या ग्रीसचा वासही आठवतो. जेलात रोज आठवायचा. मला वाटायचं, आज नाही तर उद्या, प्रेमलावहिनी कोर्टात येतील आणि सांगतील, साहेब, हा माणूस आमच्या गच्चीवर होता. एवढंच तर सांगायचं होतं.

तुम्ही आला नाहीत. घाबरलात. पोरं लहान होती, नवऱ्यानं बयान दिलेलं, बायको उलटं बोलली तर नवरा अडकतो — हे सगळं मला कळतं, मी काही दगड नाही. पण संक्रांतीला हिनं तुमच्याकडं तिळगूळ पाठवला होता, तेव्हा मी नुकता जामिनावर सुटलेलो. ताटली तशीच परत आली, रुमालसुद्धा उचललेला नव्हता. ते ही विसरलेली नाही. मी विसरलो असतो एखादवेळेस. ती नाही.

काय? हो, सुटलो. सुटलो म्हणजे काय झालं माहीत आहे? न्यायाधीशांनी लिहिलं, अभियुक्त को संदेह का लाभ दिया जाता है. लाभ मला दिला, आणि संदेह इथल्या गल्लीला वाटून टाकला. दुकानदार उधार देईना. देवळाच्या मंडळात माझ्या हाती आरतीचं ताट द्यायचे, पण दानपेटीची किल्ली नाही. किल्ली म्हटलं की सगळे माझ्याकडं बघायचे आणि मग पटकन दुसरीकडं बघायचे. अजून बघतात. म्हणून म्हणतो, जनार्दनाला सांगा, सुटलास तरी सुटलो असं समजू नकोस. आणि मुख्य म्हणजे सही करू नकोस कशावरही. जप्तीचा तो कागद, फर्द म्हणतात त्याला, त्याच्या खाली हे लोक कोरी जागा सोडतात आणि मागाहून भरतात. माझ्या फर्दीत मी न पाहिलेली करवत होती. आणि ह्याला तर बिनचष्म्याचं काही दिसत नाही, परवा कोर्टाच्या पायरीवरच अडखळला, त्याच दोरीला बांधलेल्या दुसऱ्या कैदी पोरानं सावरलं म्हणून —

कोण म्हणालं? कुणी नाही म्हणालं. लोक सांगतात. इलाइट चौराह्यावर बातम्या काय कमी असतात?

बरं. गेलो होतो. औषध आणायला बाहेर पडलो होतो आणि पाय तिकडं वळले. नाही, तेही खोटं. मुद्दाम गेलो होतो. त्याला पाहायला गेलो होतो, वहिनी, बेड्या घातलेला, पोलिसांच्या गाडीतून उतरताना — मनात होतं, डोळे भरून पाहीन, आणि त्यालाही दिसू दे कोण पाहतंय. ऐकवत नसेल तर उठून जा, मी अडवत नाही. बसलात? बसा. तर तो उतरला. केस पांढरे झालेत त्याचे, पार पांढरे. पायजम्याची नाडी लोंबत होती, हात बांधलेले, सावरता येईना. हवालातीच्या दाराशी शिपायानं एक हात मोकळा केला, पेन दिलं आणि एक कागद पुढं धरला, ‘यहाँ, यहाँ, जल्दी.’ आणि हा तो कागद डोळ्यांशी नेऊन वाचायला बघतोय, वाचता येत नाही, आणि शिपाई हसतोय. मग काय झालं ते मलाच कळलं नाही. मी ओरडलो. एवढ्या गर्दीत, आपल्या भाषेत — ‘जनार्दन, सही करू नकोस!’ एवढ्या वर्षांत त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते. तिथं कुणाला कळलं नाही, शिपाई विचारतोय, क्या बोला, कौन बोला? पण ह्याला कळलं. ह्यानं पेन टाकलं. मान वर करून इकडंतिकडं शोधायला लागला, आंधळ्यासारखा. मी चहाच्या टपरीमागं झालो. त्याच पावली गेलो मार्तंड वकिलांकडं आणि म्हटलं, त्या बाईंकडं आजच्या आज जा, माझं नाव मात्र —

हां. आता कळलंच तुम्हाला. तुम्हाला वाटलं, मार्तंड वकील आपणहून आले? वकील आपणहून कुठं येतात, वहिनी? रडू नका. रस्त्यावरून दिसतं.

ऐका. उद्या घराचे कागद घेऊन मी कोर्टात येईन. तुमच्याबरोबर नाही, तुमचे भाऊ आले तरी माझ्याशी ओळख दाखवायची नाही. सही करीन आणि निघेन, त्याला भेटणार नाही. आणि तो तारखेला नाही आला तर मी स्वतः त्याला ओढत नेईन, हेही सांगून ठेवतो, माझा विश्वास बसलाय असं समजू नका. माझा कुणावरच नाही. फक्त एक गोष्ट आहे, ती मला झोपू देत नाही. माझ्या खटल्यात उलटतपासणीला जनार्दन उभा होता. वकिलानं विचारलं, ट्रक कुठल्या रंगाचा? हा म्हणाला निळा. पुन्हा विचारलं, तर हिरवा. मग म्हणाला, कदाचित ट्रॅक्टर असेल. अहो, जो माणूस ऑफिसातल्या प्रत्येक गाडीचा नंबर तोंडपाठ म्हणायचा, तो! साक्ष तिथंच पडली, त्यावरच मी सुटलो. घाबरून गडबडला असेल. सरकारी वकील, पोलीस सगळे समोर, जीभ वळली नसेल. किंवा मग त्यानं — मुद्दाम — ठाण्यात दिलेलं बयान मागं घ्यायची हिंमत नव्हती, म्हणून असं, तिरकं — मला वाचवायला — घरी येऊन तुमच्याशी काही बोलला होता का तो त्या दिवशी? तुम्हाला ठाऊक असणार. तुम्हाला —

नको. थांबा. सांगू नका. ‘हो’ म्हणालात तर इतकी वर्षं मी काय केलं, आणि ‘नाही’ म्हणालात तर उद्या माझा हात सहीला उठणार नाही. उठा वहिनी. पदर नीट करा. निघा आता, निघा.