पंपावरचा शिक्का

दामले सर : परत वाच, स्वराली. सावकाश. मजा येतेय ऐकायला.

स्वराली : "दर सहा महिन्यांनी पंपाची पिचात तपासा."

दामले सर : पिचात! म्हणजे रशियनमध्ये कचेरीतला शिक्का! हेमा, ऐकलंस का? हिच्या कंपनीत पंपाची गळती शिक्का मारून थांबवतात.

हेमा : ऐकलं. चहा घे गं स्वराली.

दामले सर : मूळ इंग्रजीत काय, 'सील'. पंपातलं सील पाणी अडवतं, त्याला रशियनमध्ये उप्लत्न्येनिये. कागदावरचं सील पिचात. समुद्रात पोहतं ते त्युलेन. नशीब, त्या गाढवानं पंपात जनावर नाही सोडलं! खडकवासल्याचं पाणीही शिक्का मारूनच अडवलंय वाटतं!

स्वराली : सर, या दुरुस्तीवर तेवढी सही करा ना. आज पंपाची पुस्तिका रशियाला गेली नाही, तर उद्या मी घरी बसेन.

दामले सर : करतो की. पण आधी सांग, हे दिवे लावले कुणी? कॉम्प्युटरनं?

स्वराली : माणसानंच. जुनं भाषांतर आहे. कॉम्प्युटर तेच उचलतो.

दामले सर : नाव?

स्वराली : राहू दे ना, सर.

दामले सर : मग सहीपण राहू दे.

हेमा : अहो, कशाला छळताय तिला?

दामले सर : तू मध्ये पडू नकोस. असल्या माणसाला मी माझ्या वर्गाच्या दारातसुद्धा उभं केलं नसतं. नाव सांग!

स्वराली : बा. गो. दामले. दोन हजार आठ. ज्याचं भाषांतर, त्याच्याच सहीनं बदलता येतं. म्हणून तर आले.

(सर कागद ओढून घेतात. चष्मा पुसून पुन्हा वाचतात.)

दामले सर : इतकी वर्षं कुणी बोललं कसं नाही?

स्वराली : रशियावाल्यांनी तेव्हाच कळवलं होतं. तुम्हाला सांगणार कोण? दर वेळी आम्हीच छापण्याआधी गुपचूप खोडायचो. यंदा पुस्तिका थेट कॉम्प्युटरमधून जाते.

दामले सर : तू तरी विचारायचंस! माझी विद्यार्थिनी ना तू?

स्वराली : विचारलं होतं, सर. हेच पान तुम्ही वर्गात नमुना म्हणून वाटलं होतंत, तेव्हा. तुम्ही म्हणालात, "प्रश्न विचारायलाही अक्कल लागते." सगळा वर्ग हसला. मी खाली बसले.

हेमा : चहा गार होतोय तुमचा.

दामले सर : असू दे. ...कुठे करायची सही?