नखं काळी की पांढरी

जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजींच्या मांडीवर भोकं पाडलेलं खोकं होतं. खिडकीच्या काचेवर आपटलेला एक छोटा शिकारी पक्षी त्यात होता.

“साधी खरुची आहे. नखं काळी आहेत बघ.”

“धाकटी खरुची आहे, नर. नखं पांढरी आहेत.”

“तुला पक्षी ओळखायला शिकवलं कोणी?”

“तुम्हीच. म्हणून तर चुकत नाही.”

“नर आहे म्हणतेस, मग पाठीवर ठिपके असतील.”

“एकही नाही.”

“गालावर मिशीसारखी रेघ?”

“गाल स्वच्छ आहे. तुमच्यासारखी अर्धी दाढी राहिलेली नाही.”

“अगं, या दोघींत भलेभले फसतात.”

“भल्याभल्यांना निदान नखं तरी दिसतात.”

डॉक्टरीणबाईंनी खोकं आत नेलं आणि थोड्या वेळाने परत आणून दिलं.

“पंख शाबूत आहेत. नुसती गुंगी आली होती, संध्याकाळी सोडून द्या. नशीबवान आहात हं, धाकटी खरुची सहसा दिसत नाही.”

आजोबांनी खोकं आपल्या मांडीवर घेतलं.

“उडाली की कुठवर गेली ते सांगशील ना मला?”

“मुळीच नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्या आणि स्वतः बघा.”

“आणि आज?”

“आज सांगेन.”