लाल ठिपका

(अंगणात गाडीचं बॉनेट उघडं. कंबर धरल्यामुळे बाबा खुर्चीत बसून. मुलगी इंजिनापाशी. तिची दीड वर्षाची लेक मागच्या सीटवर झोपलेली.)

बाबा: मीटर काय म्हणतोय ते सांग. तुला काय वाटतंय ते नको.

मुलगी: बारा पॉइंट एक.

बाबा: इंजिन चालू असताना?

मुलगी: चालूच आहे की. ऐकू येतंय ना?

बाबा: कान शाबूत आहेत माझे. चालू इंजिनावर बॅटरीला चौदा व्होल्ट दिसायला हवेत. एक तर अल्टरनेटर वीज बनवत नाही, नाही तर बनवतोय आणि ती बॅटरीपर्यंत पोचत नाही. पट्टा बघितलास?

मुलगी: चालू करायच्या आधीच दाबून बघितला. घट्ट आहे. फ्यूजही बघितला, तुम्ही सांगितलात तो.

बाबा: मग दुकानदाराने गंडवलं मला. नवा अल्टरनेटर म्हणून दिला, रविवारी मी स्वतः बसवला, आणि सहा दिवसांत ही तऱ्हा.

मुलगी: वायरी बघू का?

बाबा: अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीच्या नटावर ठिपका आहे ना?

मुलगी: वर रबराची टोपी आहे. थांबा, सरकवते. हो, आहे. लाल.

बाबा: मग त्या नटाचा प्रश्नच नाही. चाळीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं, आवळल्याशिवाय ठिपका लावला नाही कधी. तुझी आई करवादायची, माझं नेलपॉलिश तुमच्या गॅरेजातच संपतं म्हणून.

मुलगी: अजून तिचीच बाटली?

बाबा: तळाला आहे थोडं. थिनर घालून चालवतोय. ओढणी बांध आधी, पट्ट्यात जाईल.

मुलगी: बांधलीय. बाबा, काल सिग्नलला गाडी बंद पडली ना, पिल्लू मागे होती. सगळे हॉर्न वाजवत होते आणि मी नुसती तिच्या डोळ्यांकडे बघत होते.

बाबा: म्हणून तर बसलोय इथे. सोमवारी तू तिला माझ्याकडे सोडणार, ऐन वेळी गाडीने दगा देऊन कसं चालेल?

मुलगी: सोमवारी कामावर नाही गेले तर माझ्या जागी दुसऱ्या कुणाला घेणार आहेत. स्पष्टच सांगितलंय. पिल्लूच्या औषधाची वेळ लक्षात आहे ना?

बाबा: दुपारी एक. अडीच एमएल. फ्रिजवर तक्ता चिकटवून ठेवलायस की. दिलं की टिक करीन. किती वेळा विचारशील?

मुलगी: एक डोस चुकला तरी झटका येतो हो तिला.

बाबा: आणि दोनदा दिला तरी वाईट. म्हणूनच टिक. आता मीटरची लाल कांडी बॅटरीवरून काढ आणि त्या नटाच्या बोल्टाच्या टोकाला टेकव. काळी राहू दे तिथेच. किती?

मुलगी: चौदा पॉइंट सहा.

बाबा: नीट बघ.

मुलगी: दोनदा बघितलं, बाबा.

बाबा: म्हणजे बनवतोय.

मुलगी: आणि पोचत नाही.

बाबा: इंजिन बंद कर. आधी बॅटरीची काळी वायर काढ, मगच त्या नटाला हात लाव.

मुलगी: काढली.

बाबा: हलतोय?

मुलगी: वायरीचं कडं काळं पडलंय.

बाबा: मी विचारतोय, हलतोय का?

मुलगी: थोडासा.

बाबा: थोडासा म्हणजे?

मुलगी: बोटांनी फिरतोय. खड्ड्यांनी सैल झाला असेल हो. रस्ते कसले आहेत आपले.

बाबा: सहा दिवसांत? खाली स्प्रिंग वॉशर आहे त्याच्या, आवळलेला नट खड्ड्यांनी सैल होत नाही. कडं पॉलिशपेपरने घास आणि नट आवळ.

मुलगी: हं.

बाबा: नटावर नखाने काय खरवडतेयस?

मुलगी: गंज आहे जरा.

बाबा: नट नवा आहे तो. ठिपका लावलेला आठवतोय मला. बाटलीचं झाकण दातांत धरलं होतं, तेही आठवतंय. आणि पाना फिरवलेलाही आठवतोय गं. अगदी स्पष्ट.

मुलगी: होतं असं. मीसुद्धा परवा दूध गॅसवर ठेवलं आणि…

बाबा: मला समजावू नकोस. आवळ.

मुलगी: आवळला. काळी वायर लावते.

बाबा: लाव. चालू कर. किती?

मुलगी: चौदा पॉइंट चार.

बाबा: झालं मग.

मुलगी: बाबा, मी तशीही सुट्टी वाढवून घेणारच होते. मिळेल म्हणालेत. आजच्या गोष्टीचा काही संबंध नाही.

बाबा: पुन्हा गंज? बंद कर गाडी, पिल्लू उठेल. आणि जाताना फ्रिजवरचा तो औषधाचा तक्ता काढून ने.