मालक गप झाले

दवाखान्यात नवऱ्याच्या बीपीच्या गोळ्यांसाठी शरणम्मा रांगेत उभी होती. नवरा गुरुसिद्धप्पा मागं बाकावरून ओरडत होता, "मेलीस का तितं? हल की पुढं!" तिच्या पुढं माढ्याकडच्या दोन बायका बोलत होत्या.

"तानाबाई, तुझ्या मालकाच्या अंगावरनं वारं गेलं, ते तुला कळलंच न्हाय व्हय?"

"कसं कळावं? गुरवारी अक्कलकोटास्नं आलं, ते गपच. शिवी न्हाय, का ताट भिरकावनं न्हाय."

"अन् तोंड वाकडं झालं, ते?"

"मला वाटलं, हसत्यात. तीस वर्सांत हसताना कवा बघितलंय म्या?"

"उजवा हात लुळा पडला, ते?"

"माझ्यावर उगारला न्हाय, म्हनून म्हनलं, सामी पावलं. गल्लीत साखर वाटली की."

"अगं, मग आनलंस कवा?"

"तिसऱ्या दिशी खाली पडलं, तवा. डाक्टर लई वरडला. तोंड, हात, बोलनं, एक जरी बिघडलं तरी तवाच आनायचं, म्हनला. बीपी चढून मेंदूला दनका बसला. आता तंबाखू बंद, मीठ कमी."

"मीठ कमी?"

"व्हय. आळणी म्हनून जल्मभर ताट फेकलं. आता आळणीच चारतीया, डाक्टरच्या हुकमानं."

"बोलत्यात का आता?"

"काल पयला शब्द फुटला."

"कुटला?"

"माझ्या नावाच्या आदी जो यायचा, त्योच."

"ए भैरी, ऐकू येत न्हाय व्हय?" बाकावरून गुरुसिद्धप्पाचा आवाज आला.

खिडकीतल्या माणसानं गोळ्यांची चिठ्ठी मागितली. शरणम्माची मूठ उघडली नाही. तिनं तानाबाईच्या खांद्याला हात लावला.

"अक्का, अक्कलकोटची यष्टी कितीला सुटती?"