एक खांदा आणि तीन पट्टे

...नाही, पण छातीचं माप म्हणजे नेमकं कुठलं हो? श्वास आत घेऊन की बाहेर सोडून? कारण माझ्या बाबतीत तेवढ्यानं एलचा डबल एक्सेल होतो! दुखतोय खांदा, उजवा, आणि पट्टा विकणाऱ्या त्या वेबसाइटला हवीय छाती! बायको, अनुया, टेप घेऊन माझ्याभोवती फिरतेय, "पोट आत घ्या" म्हणतेय, मी म्हणतो, "अगं, छाती मोजतेयस ना?" तर म्हणते, "छातीच मोजतेय, पण ती संपते कुठे ते कळत नाहीये!"

तुम्हाला सांगतो, चोपन्नाव्या वर्षी माणसानं टेनिस खेळू नये. पण मला कुठे हौस होती? डॉक्टर म्हणाले, "पाटणकर, साखर वाढलीय, काहीतरी खेळा." मी कॅरम म्हटलं, ते हसले. नवीन पनवेलला आमच्या सेक्टरच्या क्लबात एकच कोर्ट रिकामं असायचं, टेनिसचं, आणि तिथे एकच माणूस पार्टनरची वाट बघत उभा असायचा, विठूशेठ घरत. गव्हाणचे. वय चौसष्ट. तरुणपणी मिठागरात टोपल्या वाहिलेला माणूस, बॉल मारतो तो मारत नाही, ढकलून देतो! आम्ही तीन वर्षं जोडीनं खेळलो आणि तीन वर्षं क्लबच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत घरी गेलो. यंदा मात्र काय झालं देव जाणे, एका जोडीतल्या एकाला डेंग्यू, दुसऱ्या जोडीचं आपापसात भांडण, आणि तिसऱ्यांना आम्ही चक्क हरवलं. चक्क! फायनल! आणि फायनलला बरोबर पंधरा दिवस उरले असताना प्रॅक्टिसमध्ये मी सर्व्ह करायला हात वर नेला आणि खांद्यात... कट्! पापड मोडावा तसा!

मी म्हटलं, विठूशेठ, नाव मागे घेऊ या. ते बाकावर बसले, पँट वर केली, गुडघा दाखवला. उखळाएवढा सुजलेला! म्हणाले, "पुढच्या महिन्यान ऑपरेशन हाय, पाटनकरसायेब. वाटीच बदलनार. डाक्टर बोलला, मंग टेनिस बंद. यंदा नाय तं कवाच नाय."  मी म्हटलं, खेळू. खांद्याला पट्टा बांधतो आणि खेळतो!

पट्टा बांधतो! किती सोपं वाटलं होतं मला!

गेलो सर्जिकलच्या दुकानात. मितेशभाई. म्हटलं, खांद्याला काहीतरी द्या. त्यानं शिडीवर चढून एक डबा काढला आणि मला तिथेच बांधून टाकलं. हात पोटाला, पोट पाठीला, आणि मागे चटाचट वेल्क्रो! नमस्काराला उभ्या गरुडासारखा झालो मी. म्हटलं, "अहो, हात हलत नाहीये!" तर म्हणतो, "काका, हात हलणारच नाही, मग दुखेल कसा?" बरोबरच आहे की त्याचं! "पण मला टेनिस खेळायचंय!" म्हटल्यावर तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी मोडक्या पायानं कर्नाळा किल्ला चढतो म्हणालो. मग दुसरा पट्टा काढला, दोन्ही खांद्यांत अडकवायचा. दप्तराचे नुसते बंद असावेत, दप्तर नाहीच! म्हणतो, "यानं कणा ताठ राहतो." अरे, खांद्याचं बोल! तरी म्हटलं, करून बघू, म्हणून तिथली एक वॉकिंग स्टिक रॅकेटसारखी धरली आणि सर्व्ह केली... वर टांगलेल्या गरम पाण्याच्या पिशव्या धडाधड माझ्या डोक्यावर! रिकाम्या होत्या म्हणून वाचलो. एवढं नुकसान केल्यावर काही न घेता निघायचं कसं? घेतला तो दप्तराचा पट्टा.

घरी आलो तर शेजारच्या रमाताई दारातच. "अगंबाई, हा पाठीचा! खांद्याचा वेगळा मिळतो, माझ्या भाच्यानं ऑनलाइन मागवला. मला विचारायचं ना आधी!"

हे वाक्य लक्षात ठेवा हं. या पंधरा दिवसांत मी पट्टे तीन वापरले, पण हे वाक्य तीनशे वेळा ऐकलं!

तर मग ऑनलाइन. त्यासाठीच ती छातीची मोजणी. जाड, काळा, रबरासारखा पट्टा आला. एका दंडावर बाही चढवायची, छातीवरून बंद न्यायचा, दुसऱ्या काखेखालून काढायचा आणि मागून ओढून पुढे चिकटवायचा. आता मला एक सांगा, ज्याला हात मागे नेता येतो तो हा पट्टा घेईल कशाला? हा घालायला दोन धडधाकट खांदे लागतात हो! पहिल्या दिवशी मी आतच अडकलो. डोकं बाहीत, हात गळ्यात. अनुया धावत आली, आधी पाच मिनिटं हसली, मग सोडवलं.

बरं, महिना ऑक्टोबर, गाव पनवेल. नुसता बनियन नकोसा होतो आणि मी अंगावर रबर चढवलेलं! नोकरी माझी द्रोणागिरीला, गोदामात. पहिल्याच दिवशी गेटवर सिक्युरिटीच्या रामूनं माझ्या शर्टाकडे बघितलं. "साहेब, आत काय आहे?" म्हटलं, पट्टा. "कसला पट्टा?" खांद्याचा! "काढून दाखवा." अरे, अकरा वर्षं सलाम ठोकतोस मला! पण नियम म्हणजे नियम. गेटवर शर्ट काढून उभा राहिलो, मागे कंटेनरच्या ट्रेलरची रांग, ड्रायव्हर लोक खाली उतरून बघतायत, आणि रामू तो पट्टा दाबून दाबून बघतो आणि म्हणतो, "हे रबराचं घेतलं होय? यानं घामोळं येतं साहेब. मला विचारायचं ना आधी!"

आणि आलं! चौथ्या दिवशी घामोळं आलं! खांदा दुखायचा तो दुखतच होता, वर खाजायलाही लागला. आणि खाजवायला हात पोचत नाही!

कोर्टावर विठूशेठनी बघितलं. "आमी खांद्याव मिठाच्या टोपल्या वायल्या, कंदी पट्टा नाय बांधला. तिळाचा त्याल चोलायचा. मना इचारायचा ना आधी!" तुम्हीसुद्धा, विठूशेठ? तुम्हीसुद्धा?

शेवटी अनुयानं दंडाला धरून नेलं फिजिओथेरपिस्टकडे. डाव्या दंडाला. डॉक्टर ऋचा म्हणून आहेत, वय अठ्ठावीस असेल, मला "अंकल" म्हणाल्या. तेही सहन केलं. दोन्ही पट्टे टेबलावर ठेवले. त्यांनी ते असे बघितले जसा मासेवाल्याकडचा शिळा बोंबील बघतात. माझा हात वर, खाली, मागे करून पाहिला, मी तिन्ही वेळा ओरडलो. म्हणाल्या, "अंकल, पट्टा खांदा बरा करत नाही. खांदा उबदार ठेवतो, जरा आधार देतो आणि जास्त ताणू नकोस म्हणून आठवण करतो. बस. सहा आठवडे खेळू नका."

म्हटलं, फायनल रविवारी आहे.

"मग नावच मागे घ्या."

मी त्यांना गुडघ्याचं सांगितलं. माझ्या नाही, विठूशेठच्या. त्यांचं "यंदा नाय तं कवाच नाय" हेही तसंच्या तसं ऐकवलं. बाईंनी मग कपाटातून एक पातळ, हवा खेळणारा पट्टा काढला, अनुयाला घालायला शिकवला, बंदाखाली दोन बोटं जातात का बघितलं, आणि मला सर्व्हची अॅक्शन करायला लावली. हात खांद्याच्या वर गेला की मी किंचाळायचो. "हं. मग सर्व्ह खालून करायची. वर हात नेला तर माझ्याकडे येऊ नका. आणि दुखलं त्या दिवशीच यायचं होतं. मला विचारायचं ना आधी!"

रविवार. समोर कुमार आणि सत्यजीत, दोघेही बँकेतले, दोघांच्या मनगटाला पांढरे शुभ्र बँड. मी पहिली सर्व्ह खालून केली, लग्नात अक्षता टाकतात तशी. सगळं कोर्ट हसलं. कुमार म्हणाला, "हे चालतं का?" पंचांनी मोबाइलमध्ये बघितलं. चालतं! आणि गंमत म्हणजे त्यांना ती परतवताच येईना! बॉल नेटपलीकडे टपकन पडायचा, ते धावत यायचे, जोरात मारायचे, बाहेर! पहिला सेट आमचा. दुसऱ्यात त्यांना युक्ती कळली, तो त्यांचा. तिसरा टायब्रेकवर गेला, विठूशेठ एका पायावर नेटपाशी बगळ्यासारखे उभे, धोतराचा कासोटा मारावा तशी चड्डी ओढून घेतलेली, आणि मॅच पॉइंट आमच्याकडे!

सत्यजीतनं बॉल उंच उडवला. थेट माझ्या डोक्यावर. विठूशेठ ओरडले, "सोरा! बाहेर जातंय, सोरा!" डॉक्टर ऋचा आठवल्या, अनुया कडेला उभी होती तीही दिसली, सगळं दिसलं हो मला! पण तीन वर्षं पहिल्या फेरीत हरलेला माणूस डोक्यावर आलेला बॉल सोडतो का? नेला हात वर! बॉल रॅकेटच्या कडेला लागला, ठक्क, नेटच्या पट्टीवर बसला, विचार केला आणि पलीकडे पडला.

जिंकलो! आणि हात... हात खाली येईना! वरच राहिला! लोकांना वाटलं, विजयाचा आहे, टाळ्या वाढल्या. मी बोंबलतोय, "हात! माझा हात!" त्यांना वाटतंय, आनंद झालाय. पेपरवाल्यानं फोटोसुद्धा तसाच काढला. आणि विठूशेठ? ते कोर्टावर मांडी घालून बसले, म्हणजे एकाच पायाची, दुसरा सरळ, आणि टॉवेलमध्ये तोंड घालून लहान मुलासारखे रडले. म्हणाले, "आता कापू दे डाक्टरला काय कापायचा ते." मी डाव्या हातानं त्यांच्या पाठीवर थोपटलं. उजवा अजून वरच होता.

आता सहा आठवडे उजवा हात उचलायचा नाही. जेवण चमच्यानं, डाव्या हातानं. शर्टाची बटणं अनुया लावते. आणि सकाळी... काय सांगू तुम्हाला... सकाळी आरशासमोर उभं करून, तेल लावून, हनुवटी धरून माझा भांग पाडते! "हलू नका" म्हणते! चप्प, शाळेच्या फोटोला निघाल्यासारखा!

तसाच ऑफिसला गेलो. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "वा, पाटणकर! अकरा वर्षांत पहिल्यांदा माणसात आल्यासारखे दिसताय. असेच येत जा."

येतो. काय करणार?